स्वरांचे रंग आणि नादाच्या आकृती

संगीत ही मूलतः कानांची कला होय. मैफलीत डोळे मिटून बसलेल्या श्रोत्यास आपल्याकडे रसिक समजतात, झोपी गेलेला समजत नाहीत. यावरूनच गाणे ऐकताना डोळ्यांचे काम किती अल्प आहे हे दिसून येते. असे असूनही नाद डोळ्यांनी पाहावा, त्याला काही रंग, काही आकार असावा, ही इच्छा मानवाच्या मनात फार जुन्या काळापासून वास करीत आली आहे.

ती पुरविणारे साधन आता घरोघर येऊन पोहोचले आहे. संगणकास एखादी ध्वनिमुद्रिका ऐकवावी, किंवा मायक्रोफोनसमोर बसून आपणच षड्ज लावावा, की त्याच क्षणी पडद्यावर वर्तुळे उमलतात, रेषा थरथरू लागतात, आवाज चढला की ठिपक्यांचे थवे उसळतात आणि थांबला की विरून जातात. हे सारे घडविणारी आज्ञावली पुष्कळदा पन्नास-साठ ओळींहून मोठी नसते, आणि शाळेतला हुशार मुलगा किंवा मुलगी ती लिहू शकते.

ही किमया पाहून झाल्यावर एक साधा प्रश्न मनात उभा राहतो. पंचम लागला म्हणजे पडद्यावर निळाच रंग का यावा? तांबडा का नको? संगणकास स्वतःचे मत नसते. लिहिणाऱ्याने नियम घालून दिल्याशिवाय तो एक ठिपकाही उमटवीत नाही. तेव्हा खरा प्रश्न यंत्राचा नसून नियमाचा आहे. नादाचे दृश्यात रूपांतर कोणत्या आधारावर करावे, हा तो प्रश्न. आणि तो संगणकापेक्षा निदान सातशे वर्षांनी जुना आहे. त्याचा इतिहास न्याहाळताना एक गमतीची गोष्ट नजरेस येते. या वाटेवर भेटणारी तीन मोठी माणसे राजसेवेशी बांधलेली होती, आणि तीही आपल्या अथवा आपल्या पूर्वजांच्या गावापासून दूर. परप्रांती चाकरी करणाऱ्या वाचकांस त्यांच्याविषयी थोडी अधिक आपुलकी वाटेल, असा भरवसा आहे.

यांतील पहिला आपल्या देवगिरीचा. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. शार्ङ्गदेवाचे आजोबा भास्कर हे काश्मीरहून दक्षिणेत येऊन स्थायिक झाले होते, आणि त्याच्या घराण्याकडे श्रीकरणाचे, म्हणजे राज्याच्या हिशेबखात्याचे अधिकारपद होते. ग्रंथाच्या पुष्पिकेत त्याचा उल्लेख आढळतो. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धतींचे अभ्यासक ज्या ग्रंथाला सारखाच मान देतात, तो हा ग्रंथ. त्यात सात स्वरांच्या देवता, ऋषी, द्वीपे यांच्या बरोबरीने त्यांचे रंगही सांगितले आहेत. षड्ज कमळाच्या वर्णाचा, ऋषभ पिंजट, गांधार सोन्यासारखा, मध्यम कुंदाच्या फुलासारखा शुभ्र, पंचम काळा, धैवत पिवळा आणि निषाद चित्रविचित्र. ‘नारदीय शिक्षे’तही याच धर्तीची परंपरा आहे.

हा केवळ कविकल्पनेचा खेळ म्हणून सोडून देण्याचा मोह होतो. परंतु त्यातील एक मर्म ध्यानात घेतले पाहिजे. आपल्याकडील षड्ज ही एखादी ठरीव उंची नव्हे. कोणी काळी एकचा सूर धरील, कोणी पांढरी चार. ज्या उंचीवर गायक आपला तंबोरा मिळवील ती उंची हाच त्याचा षड्ज. एकाचा षड्ज तो दुसऱ्याचा पंचम असू शकेल. तेव्हा शास्त्रकारांनी रंग दिला तो विशिष्ट उंचीच्या आवाजास नव्हे, तर षड्जाशी असलेल्या नात्यास. पुढे चित्रकारांनी तर याहून एक पाऊल पुढे टाकले. सोळाव्या शतकापासून राजस्थानात, दख्खनेत आणि पहाडी प्रदेशात ज्या रागमाला रंगविल्या गेल्या, त्यांत सुट्या स्वरांस रंग नाहीतच. संपूर्ण रागासच एक मूर्ती, एक प्रसंग, एक ऋतू दिलेला आहे. तोडी ही वनात वीणा घेऊन उभी असलेली आणि हरणांनी वेढलेली नायिका. हिंदोल म्हणजे झोपाळा. मेवाडातील चावंड येथे १६०५ साली नसिरुद्दीन याने रंगविलेली रागमाला या परंपरेतील प्रसिद्ध कृती आहे. मात्र ही चित्रे स्थिर. गायकाने एखादा स्वर कमी-अधिक लावला म्हणून चित्रातील हरीण काही मान वळवीत नाही.

मान वळविणारे चित्र हवे, ही हौस युरोपात अठराव्या शतकात निर्माण झाली. न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात इंद्रधनुष्याचे सात पट्टे स्वरसप्तकाच्या प्रमाणात विभागून दाखविले होते. त्या विचाराने चाळवलेल्या लुई बर्त्राँ कास्तेल नावाच्या फ्रेंच जेझुइट गणितज्ञाने १७२५ साली डोळ्यांसाठी वाजवावयाच्या एका वाद्याची कल्पना जाहीर केली. पट्टी दाबली की स्वराबरोबर ठरलेला रंग दिसावा, अशी ही योजना. आरंभी कास्तेलला ते वाद्य प्रत्यक्ष बांधण्याची निकड वाटत नव्हती; लोकांनी आव्हान दिले तेव्हा तो कामाला लागला आणि १७५७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यातच गुंतून राहिला. सप्तकाच्या मूळ स्वरास त्याने निळा रंग दिला होता.

कास्तेलचे यंत्र फसले ते मेणबत्त्या, फिती आणि दोऱ्या यांच्या अडचणींमुळे, असे समजणे सोयीचे आहे. परंतु खरा दोष रुसोने दाखवून दिला. भाषेच्या उगमावरील त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७८१ साली छापला गेला. त्यात कास्तेलच्या वाद्याचा परामर्श घेताना त्याने म्हटले आहे त्याचा आशय असा, की रंग स्वयंपूर्ण आहे, तो एकटा असला तरी तांबडा तो तांबडाच. परंतु स्वर एकटा असताना कोणीच नसतो, दुसऱ्या स्वराशी तुलना झाली म्हणजेच तो काहीतरी होतो. आपल्या गवयाने हे वाक्य ऐकले असते तर ‘यात नवल ते काय?’ असेच तो म्हणाला असता. तंबोऱ्याशिवाय गांधार कोणता हे त्याला तरी कुठे सांगता येते?

रुसोचा आक्षेप बिनतोड होता. तरी कास्तेलचे वारसदार संपले नाहीत. १८९३ साली इंग्लंडमधील चित्रकार रिमिंग्टन याने रंगवाद्याचे पेटंट घेतले. रशियन संगीतकार स्क्र्याबिन याने आपल्या ‘प्रॉमिथिअस’ या वाद्यवृंदरचनेत प्रकाशासाठी स्वतंत्र ओळ लिहिली, आणि १९१५ साली न्यूयॉर्क येथे ती रचना रंगांसह सादर झाली. परंतु याच स्क्र्याबिनच्या उदाहरणात या मार्गाचे अपयशही स्पष्ट दिसते. तो आणि त्याचा ज्येष्ठ समकालीन रिम्स्की-कोर्साकॉव्ह, दोघांनाही स्वरग्राम ऐकताना रंगांची जाणीव होत असे. ‘डी’ या मूळ स्वराचा ग्राम पिवळा, एवढ्यापुरते दोघांचे एकमत होते. पण ‘सी’च्या ग्रामात एकास पांढरा रंग दिसे तर दुसऱ्यास तांबडा. एकाच देशात, एकाच परंपरेत वाढलेल्या दोन थोर कानांचे जेथे जुळत नाही, तेथे जगास लागू पडेल असा स्वर-रंगांचा कोष कोण सिद्ध करणार?

या माणसांनी नादास चित्र बाहेरून दिले. आता दुसरी वाट पाहू, जिच्यात नाद आपले चित्र आपणच काढतो.

१७८७ साली लाइपझिग येथे अर्न्स्ट क्लाद्नी या जर्मन संशोधकाने ध्वनीवरील एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा प्रयोग कोणासही समजेल असा सोपा होता. एका पातळ पत्र्यावर बारीक वाळू पसरावयाची आणि पत्र्याच्या कडेवरून व्हायोलिनचा गज ओढावयाचा. पत्रा गाऊ लागला की जो भाग कंप पावतो तेथील वाळू उडून जाते, आणि जेथे हालचाल नाही त्या रेषांवर ती जमा होते. पाहता पाहता पत्र्यावर तारे, चौकटी, कमानी उमटतात. सूर बदलला की रांगोळी बदलते. येथे रंग कोणी निवडलेला नाही, आकार कोणी योजलेला नाही. जो काही नियम आहे तो पत्र्याच्या अंगचा आहे. १८०९ मध्ये पॅरिस येथे क्लाद्नीने हा प्रयोग नेपोलियनपुढे करून दाखविला, आणि या आकृतींची गणिती उपपत्ती देणाऱ्यास पारितोषिक जाहीर झाले. ते १८१६ साली सोफी जेर्में या विदुषीने तिसऱ्या प्रयत्नात मिळविले.

त्याच वर्षांत, त्याच नेपोलियनच्या राज्यात, आपला दुसरा अधिकारी कामात बुडालेला होता. जोसेफ फूरिये हा पॅरिसमधील गणिताचा प्राध्यापक. ईजिप्तच्या मोहिमेवरून परत आल्यावर त्याची इच्छा अध्यापनाकडे वळण्याची होती. परंतु नेपोलियनने १८०२ मध्ये त्यास ईझेर जिल्ह्याचा प्रीफेक्ट, म्हणजे आपल्याकडील जिल्हाधिकाऱ्यासारखा अधिकारी, म्हणून ग्रनोबल येथे धाडले. बदली नाकारण्याची सोय तेव्हाही नव्हती. फूरियेने बूर्गवॅँ भागातील दलदल उपसून जमीन मोकळी केली, रस्त्यांची कामे पाहिली, आणि या सरकारी धबडग्यातून वेळ काढून उष्णता पदार्थात कशी पसरते याचे गणित मांडले. १८०७ साली त्याने ते पॅरिसच्या पंडितसभेस सादर केले तेव्हा लाग्रांजसारख्या महापंडिताने त्यावर आक्षेप घेतला. ग्रंथरूपाने ते बाहेर पडण्यास १८२२ साल उजाडले.

उष्णतेच्या त्या गणितात संगीताचे गुपित दडलेले होते. कितीही गुंतागुंतीचे आंदोलन असो, ते अनेक साध्या, नियमित आंदोलनांची बेरीज म्हणून मांडता येते, असे फूरियेचे प्रतिपादन. बासरी, सारंगी आणि माणसाचा गळा एकाच उंचीचा सूर लावतात तेव्हाही आपण त्यांस वेगळे ओळखतो, कारण मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या उपस्वरांचे प्रमाण प्रत्येकाचे निराळे असते. ते प्रमाण मोजून देणारी पद्धती फूरियेने जगाच्या हाती दिली. ती मात्र फार वेळखाऊ होती. ध्वनीचे १,०२४ नमुने घेऊन त्यांचे पृथक्करण सरळ मार्गाने करावयाचे तर दहा लाखांवर गुणाकार करावे लागतात. १९६५ साली कूली आणि टुकी या अमेरिकन गणितज्ञांनी हेच काम सुमारे शंभरपट कमी श्रमात करण्याची रीत प्रसिद्ध केली. गाणे चालू असतानाच त्याचे चित्र निघू शकते ते या रीतीमुळे. आज पडद्यावर नाचणाऱ्या प्रत्येक वर्तुळाच्या मुळाशी ग्रनोबलच्या त्या प्रीफेक्टचे गणित आहे.

तिसरा अधिकारी आपल्या जवळचा. चंद्रशेखर वेंकट रामन हे १९०७ मध्ये सरकारच्या अर्थखात्यात रुजू झाले आणि साहाय्यक महालेखापाल म्हणून कलकत्त्यास गेले. मध्यंतरी त्यांची बदली रंगूनला आणि नंतर नागपूरला झाली, आणि पुन्हा ते कलकत्त्यास आले. कचेरीच्या आधी आणि कचेरी सुटल्यावर बहुबाजारातील महेंद्रलाल सरकारांच्या विज्ञानसंस्थेत त्यांचे संशोधन चाले. त्यातील बराचसा भाग वाद्यांविषयी होता. १९१७ साली त्यांनी भरघोस पगाराची नोकरी सोडून कमी वेतनाचे प्राध्यापकपद पत्करले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. मृदंग-तबल्यावरील त्यांचे काम मात्र तितके सर्वश्रुत नाही. त्याची पहिली वार्ता १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात आली आणि विस्तृत निबंध १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला.

रामन यांनी सोडविलेले कोडे असे. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर मूळ स्वराशी बेसूर असतात. त्यांची प्रमाणे १.५९, २.१४, २.३० अशी आडनिडी येतात. म्हणून ढोल घुमतो, पण गात नाही. मग तबल्याची पुडी सुरात कशी बोलते? रामन यांनी पुडीवर बारीक वाळू पसरून, बोटाच्या हलक्या स्पर्शाने आणि निरनिराळ्या आघातांनी कंपनाचे प्रकार वेगळे केले, आणि वाळूच्या रेषांची छायाचित्रे घेतली. त्यांस आढळले ते विलक्षण होते. शाईच्या वजनामुळे पुडीची पहिली नऊ कंपने अशी जुळून येतात, की त्यांतून एक, दोन, तीन, चार, पाच अशा सरळ प्रमाणांचे केवळ पाचच सूर उमटतात. ज्या अनाम कारागिरांनी शतकानुशतके थरावर थर देऊन शाई घोटली, त्यांना हे गणित कानांनी ठाऊक होते. वाळूने ते डोळ्यांस दाखविले.

क्लाद्नीचा पत्रा आणि रामन यांची पुडी यांनी आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दिले. नादाचे जे चित्र खरे वाटते ते सुट्या स्वराचे नसून प्रमाणांचे असते. उरलेले अर्धे उत्तर, म्हणजे हे तत्त्व घेऊन माणसाने स्वतः चित्र कसे रचावे ते, अमेरिकेतील जॉन व्हिटनी या चित्रपटकाराने शोधले. दुसऱ्या महायुद्धात विमानांवर तोफांचा नेम धरण्यासाठी गणकयंत्रे वापरली जात. युद्धानंतर ती भंगाराच्या भावाने विकली गेली. १९५०च्या दशकात व्हिटनीने त्यांतील एक यंत्र घेऊन त्याचे रेखांकनयंत्र बनविले. विमानाचा मार्ग आधीच हेरून तोफेस दिशा देणारी चक्रे आता प्रकाशाच्या वेली काढू लागली. त्या यंत्रावर केलेल्या दृश्यांचा ‘कॅटलॉग’ हा लघुपट १९६१ साली पुरा झाला. पुढे त्यास खऱ्या अंकीय संगणकावर काम करण्याची संधी मिळाली, आणि १९८० साली ‘डिजिटल हार्मनी’ या पुस्तकात त्याने आपले विचार एकत्र मांडले.

व्हिटनीचा नियम समजावून घेणे अवघड नाही. एका वर्तुळावर साठ ठिपके एकाच जागी ठेवा. पहिला ठिपका एका मिनिटात एक फेरी घेईल, दुसरा दोन, तिसरा तीन, आणि साठावा साठ. फिरू लागताच सारे विखुरतात आणि नुसता गोंधळ दिसतो. परंतु अर्धे मिनिट होते न होते तोच नवल घडते: सम संख्येचे ठिपके आरंभस्थानी आणि विषम संख्येचे बरोबर त्यांच्यासमोर, असे दोनच पुंजके उरतात. एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश मिनिटाला तीन पुंजके होतात. तार निम्म्यावर दाबली की तार षड्ज आणि दोन तृतीयांश लांबीवर दाबली की पंचम, हे आपण जाणतोच. कानाला जेथे संवाद वाटतो त्याच प्रमाणांवर डोळ्यांस आकृती सापडते, आणि अधल्यामधल्या जागी तणाव जाणवतो. येथे कोणत्याही स्वराला कोणताही रंग बहाल केलेला नाही. फक्त नाते दाखविले आहे. रुसोच्या आक्षेपाला दोनशे वर्षांनी मिळालेले हे उत्तर होय.

यानंतरची कथा साधनांच्या प्रसाराची आहे. संगणक घरात आल्यावर गाणी वाजविणाऱ्या आज्ञावल्यांबरोबर नाचणारी दृश्ये येऊ लागली. २००१ मध्ये रायन गाइस याने तयार केलेल्या ‘मिल्कड्रॉप’ने अशी दृश्ये असंख्य पडद्यांवर नेली. त्याच वर्षी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत केसी रीस आणि बेन फ्राय यांनी चित्रकारांसाठी ‘प्रोसेसिंग’ ही सोपी संगणकभाषा सुरू केली. पुढील दशकात लॉरेन मॅकार्थी यांनी तिचाच ‘पी५.जेएस’ हा अवतार सिद्ध केला, ज्यासाठी साध्या ब्राउझरपलीकडे काही लागत नाही. कार्यपद्धती सर्वत्र एकच. ध्वनीचा छोटा तुकडा घ्यावयाचा, फूरियेच्या रीतीने त्याचे पृथक्करण करावयाचे, मिळालेले आकडे लिहिणाऱ्याच्या नियमाने आकारात उतरवावयाचे, आणि हे सेकंदास साठ वेळा करावयाचे. खर्जातील घुमार मोठ्या वर्तुळास, टिपेची किणकिण बारीक ठिणग्यांस, असे वाटप लिहिणारा करतो. गायक आवाज लावतो, चित्र बदलते. बदललेले चित्र पाहून गायक पुन्हा काही निराळे करतो. रागमालेतील हरणाने अखेर मान वळविली.

परंतु आपले गाणे या यंत्रापुढे ठेवले म्हणजे काय होते? येथे प्रश्नास धार येते. बाजारातील बहुसंख्य आज्ञावल्या पियानोच्या बारा पट्ट्या गृहीत धरतात. प्रत्येक पट्टीची उंची ठरलेली, आणि पुष्कळदा प्रत्येकीस एक रंगही दिलेला. म्हणजे कास्तेलचीच चूक पुन्हा, पण आता विजेच्या वेगाने. असे यंत्र षड्जापासून पंचमापर्यंत ओढलेल्या मिंडीस जिन्याच्या पायऱ्यांत तोडते. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके हार्मोनियमवर बंदी घातली होती, ती याच आक्षेपावरून, की तिच्या पट्ट्यांतून मींड निघत नाही. हार्मोनियमने निदान ऐकू येणाऱ्या गाण्यास साथच केली. परंतु पडद्यावरील चित्र हेच गाण्याचे खरे रूप असे नव्या पिढीस वाटू लागले, तर त्यात जे दिसत नाही ते नाहीच, अशी समजूत होण्यास वेळ लागणार नाही.

अडचण केवळ गृहीतकाची नाही, गणिताचीही आहे. षड्जाची २४० आंदोलने धरली तर कोमल ऋषभाची २५६ होतात. अंतर अवघे सोळाचे. सेकंदास ४४,१०० नमुने घेणाऱ्या ध्वनिमुद्रणातील १,०२४ नमुन्यांचा तुकडा घेतला, तर वर सांगितलेल्या पृथक्करणात सुमारे ४३ आंदोलनांहून बारीक भेद कळत नाही. षड्ज आणि कोमल ऋषभ त्यास एकच भासतात. तुकडा चौपट मोठा केला तर सुमारे ११ आंदोलनांचा भेद कळतो, परंतु मग एका तुकड्यास सेकंदाचा जवळजवळ अकरावा भाग लागतो, आणि द्रुत तानेतील स्वर एकमेकांत मिसळून जातात. स्वर अचूक पाहावा तर गती निसटते, गती धरावी तर स्वर धूसर होतो. स्वराचा माग काढण्याच्या इतर युक्त्या निघाल्या आहेत, तरीही काही ना काही तडजोड करावीच लागते. मालकंसाची विलंबित आलापी आणि त्यातलीच दाणेदार तान यांस एकच माप लावून भागत नाही.

तालाचेही तेच. आवाजाचा जोर मोजून ठेका ओळखणाऱ्या आज्ञावलीस तीनतालातील खालीच्या सुमारास डग्ग्याची घुमार थांबली एवढेच कळते. ती थांबणे अपेक्षित होते, आणि त्या रिकामेपणातच समेची ओढ आहे, हे तिला सोळा मात्रांचे आवर्तन कोणी समजावून सांगितल्याखेरीज कसे कळावे?

सुदैवाने हे समजावून सांगण्याचे प्रयत्न आपल्या देशात झाले आहेत. १९८०च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी गायनाची सलग स्वररेषा काढणारे उपकरण सिद्ध केले. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राने ॲम्स्टरडॅम विद्यापीठाच्या सहकार्याने जो प्रकल्प चालविला, त्यात सुवर्णलता राव आणि विम व्हान डेर मेर यांनी थोर कलावंतांच्या रागगायनाचे चलत्आलेख तयार केले. पडद्यावर आडव्या ओळी आखलेल्या असतात. परंतु त्या पियानोच्या पट्ट्या नव्हेत, तर त्या त्या गायकाच्या षड्जावरून आखलेल्या स्वरांच्या जागा असतात. गाणे पुढे सरकते तसा आलेखही सरकतो, आणि त्या ओळींमधून गळ्याची रेषा नदीसारखी वळणे घेत जाते. मींड तेथे अखंड दिसते. आंदोलित गांधार डोलताना दिसतो. यात झगमगाट नाही, पण शार्ङ्गदेवाचा विचार आहे: आधी षड्ज, मग बाकीचे सारे.

मराठी मुलखापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांस याचे मोल अधिक वाटावे. बदलीच्या गावी गायनाचे गुरुजी आठवड्यातून एकदा भेटले तरी भाग्य. अशा ठिकाणी शिकणाऱ्या मुलीस आपला कोमल धैवत किंचित चढा लागतो आहे हे रेषेवरून कळले, तर ती मदत लहान नव्हे. परंतु रेषेवर डोळा ठेवून गळा सांभाळण्याची सवय जडली, तर ऐकण्याची सवय मोडेल, हाही धोका तितकाच खरा आहे. दर्पणासमोर बसून अभिनयाचा अभ्यास करावा. रंगभूमीवर दर्पण न्यावयाचा नसतो.

या सगळ्या इतिहासातून आज्ञावलीचा एक गुण मात्र निखालस सिद्ध होतो. कास्तेलने निळा रंग का निवडला याबद्दल वाद घालता येतो, पण त्याची आवड बदलता येत नव्हती. आज्ञावलीत नियम उघड शब्दांत लिहावा लागतो. तो दुसऱ्यास वाचता येतो, तपासता येतो, आणि आपल्या संगीतास तो जुळत नसेल तर खोडून नवा लिहिता येतो. बारा पट्ट्यांचा नियम ही काही परमेश्वराची आज्ञा नव्हे. कोणीतरी आपल्या संगीताच्या सोयीने लिहिलेली ती ओळ आहे, आणि तीच ओळ आपल्याकडील एखाद्या तरुणास आपल्या संगीताच्या सोयीने पुन्हा लिहिता येईल. हिशेबाच्या वह्या आणि जिल्ह्याचे दप्तर सांभाळूनही ज्यांनी नादाचा माग सोडला नाही, त्यांच्या कामाचे पुढचे पान ते हेच.

मात्र त्याने ती लिहावयास घेतली, तर आज्ञावलीने गाणाऱ्यास सर्वांआधी एक प्रश्न विचारला पाहिजे: तुमचा षड्ज कोणता? आणि त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी गाणाऱ्याला पडद्याकडे न पाहता, तंबोऱ्याच्या तारांकडे कान लावून थोडा वेळ स्वस्थ बसावे लागेल.